दहावी ‘ब’ची गमतींची वही

सोमवार, ३० डिसेंबर

हेडसरांनी गमतींची वही यंदाही माझ्याकडे दिली. शाळा सोडताना दहावीचा प्रत्येक वर्ग ती लिहितो. एका मुलाची एक गंमत, स्वतःच्या अक्षरात. निरोपाच्या दिवशी वाचायची, मग ग्रंथालयाच्या कपाटात ठेवायची. या वर्षी ती जिल्ह्याच्या हस्तलिखित स्पर्धेलाही जाणार आहे. सर म्हणाले, “मॅडम, निकालात आपण काय दिवे लावणार ते दिसतंच आहे. वहीत तरी नंबर आणा.”

गेल्या वर्षीची वही काढून वाचली. ‘तेव्हा आम्ही खूप हसलो’ हे वाक्य एकोणीस वेळा आलं आहे. कशाला हसले ते एकदाही नाही. म्हणून वर्गाला दोन अटी घातल्या. तारीख हवी, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंच हवं.

मल्हार म्हणाला, “मॅडम, तारीख कशाला? पंचनामा हाय का?”

वर्ग हसला. मी म्हणाले, पंचनाम्यासारखंच लिही.

आणखी एक. राजनंदिनी तासाला दोनदा बाहेर जायची परवानगी मागते. मुलींचं स्वच्छतागृह मैदानाच्या टोकाला, कालव्याच्या बाजूला आहे. जाऊन यायला आठ मिनिटं लागतात. आज ती उठली तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी एसटीच्या घंटीचा आवाज काढला. कवितेचं वाटोळं झालं. उद्यापासून दाराशी खिळ्याला एक लाकडी पट्टी टांगणार आहे. पट्टी घेऊन जायचं. सबंध दिवसात एकदा, तेही मधल्या सुट्टीआधी. नियम सर्वांना आहे, पण कोणासाठी केला ते सगळ्यांना कळलं.

शुक्रवार, ३ जानेवारी

नऊ गमती आल्या. मल्हारची उतरवून ठेवते.

‘२ डिसेंबर. राजनंदिनीने चौथ्या तासापर्यंत स्वतःची बाटली संपवली. मग रेश्माची, मग माझी. मधल्या सुट्टीत मोजले तर एकूण सात झाल्या. आम्ही ग्रामपंचायतीकडे टँकरच्या मागणीचा अर्ज लिहिला. खाली एकोणतीस सह्या घेतल्या. तिनेही सही केली.’

शेवटच्या वाक्याला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. थांबावं कुठं हे या मुलाला कळतं.

रेश्मा तिच्याच बाकावर बसते. तिची गंमत अशी:

‘११ डिसेंबर. नंदिनीने आधी तिचा डबा खाल्ला, नंतर माझ्यातली एक भाकरी, नंतर मागच्या बाकावरचा भात. तरी तिची सलवार नाडीला गाठ मारून मारून घालावी लागते. खाल्लेले जाते कुठे, हा प्रयोग आम्ही विज्ञान प्रदर्शनात मांडणार होतो. सर नाही म्हणाले.’

तारखेच्या अटीचा एक परिणाम झाला. सगळे अलीकडचंच लिहितात. सहावी-सातवीतली तारीख कोणाला आठवणार? सहा वर्षांची वही सहा आठवड्यांची होते आहे. पण लिखाण जिवंत आहे. मी चालू देणार.

मंगळवार, ७ जानेवारी

दुसऱ्या तासाला मुलींच्या रांगेत नखांच्या रंगाचा वास येत होता. नखं रंगवायला शाळेत बंदी आहे. मी सगळ्यांना हात पुढे करायला लावले. एकीच्याही नखाला रंग नव्हता. वास राजनंदिनीच्या आसपास होता. ती बोलायला लागली की जास्त यायचा. तिचं दप्तर उघडून बघितलं. वह्या, बाटली, एक कंगवा.

“घरी लावून पुसून आलीस का?”

“न्हाय मॅडम.”

“मग वास कसला?”

“मला न्हाय येत वास.”

तास संपेपर्यंत उभी केली. खोटं बोलण्याबद्दल. दहा मिनिटांनी ती भिंतीला टेकली. मी सरळ उभी राहा म्हणाले. राहिली.

संध्याकाळपर्यंत या प्रसंगाच्या तीन गमती माझ्या टेबलावर होत्या. तिन्हींत माझी नक्कल आहे. त्यातली एक ठेवणार.

गुरुवार, ९ जानेवारी

नियम लागू पडला. गेल्या चार दिवसांत राजनंदिनीने पट्टीला हात लावला नाही. रेश्माने त्यावरही लिहून आणलं आहे. नंदिनी आता शाळेत पाणीच पीत नाही, कारण प्यालं की जावं लागतं आणि जायला पट्टी एकदाच मिळते. बाटली भरलेली आणते, भरलेली नेते. ‘टँकर बंद पडला,’ असा शेवट केला आहे.

तेवीस वर्षांत मी एक शिकले. मुलांना ओरडून काही होत नाही. वस्तू करून द्यावी, ती टांगावी, पुढचं आपोआप होतं.

सोमवार, १३ जानेवारी

राजनंदिनीने स्वतःची गंमत दिली. अक्षर पूर्वी बरं होतं, आता ओळी खाली उतरतात.

‘मला सगळे टँकर म्हणतात. मला पण हसू येते. पण रात्री पण तहान लागते. तेव्हा हसायला कोणी नसते.’

तारीख नाही. प्रसंग नाही. खाली लाल शाईत लिहिलं: ‘यात गंमत कुठे आहे? पुन्हा लिही.’

बुधवार, १५ जानेवारी

वर्गात तिळगूळ वाटला. राजनंदिनी बाकावर डोकं टेकवून होती. रेश्माने हलवल्यावर उठली, सगळ्यांना गोड बोला म्हणाली आणि पुन्हा डोकं टेकलं. वर्ग हसला. मीही हसले.

शनिवार, १८ जानेवारी

‘अ’ आणि ‘ब’ मध्ये मुलींचा खो-खो झाला. राजनंदिनी आठवीपासून संघात आहे. दोन वर्षांपूर्वी इंदापूरला तालुक्यांच्या सामन्यात तिने एकटीने चार गडी बाद केले होते. आज ती चौकात बसली होती. रेश्माने तिला पाठीमागून खो दिला. ती उठली नाही. रेश्मा थांबली, पुन्हा म्हणाली, “खो.” ती तशीच. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिने मान वळवून बघितलं, जणू कोणीतरी लांबून हाक मारतंय. तेवढ्यात ‘अ’ची मुलगी तिच्या समोरून चालत गेली. पळालीसुद्धा नाही, चालत गेली. अख्खं मैदान हसत सुटलं. हेडसर डोळे पुसत होते.

मल्हार जाग्यावरच वही मागू लागला. म्हणाला, “मॅडम, माझी दुसरी घ्या. ही पहिल्याहून भारी हाय.”

घेतली.

सोमवार, २० जानेवारी

राजनंदिनी गैरहजर. रेश्मा सांगत होती, काल दिवसभर उलट्या झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून सलाईन लावलं. अंगात ताकद यावी म्हणून घरचे उसाचा रस पाजतायत. परीक्षेचं टेन्शन घेतलंय असं तिची आई म्हणते. दर वर्षी दोन-तीन मुली अशा पडतात.

मंगळवार, २१ जानेवारी

सगळ्या गमती आज तारखेप्रमाणे लावल्या. तीस मुलं, मल्हारच्या आणि रेश्माच्या दोन-दोन धरून बत्तीस. त्यातल्या तेरा राजनंदिनीवर. सहलीच्या गाडीची एक राहून गेली होती, तीही बसवली: ‘२० डिसेंबर. तिच्यासाठी गाडी पाच वेळा थांबली. ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या वेळी या पोरीला वेगळी गाडी करा, मी मागनं येतो.’

रात्री जेवण झाल्यावर या तेरा सलग वाचल्या. पाणी, डबा, सैल कपडे, सहल, झोप, वास, खो-खो. वेगवेगळ्या हातांनी लिहिलं आहे, पण एकाच हाताने लिहिल्यासारखं पुढे सरकत जातं. कोणी ठरवलं नव्हतं, तरी गोष्ट चढत जाते. स्पर्धेला पाठवण्याजोगी झाली आहे. तिची स्वतःची मात्र अजून बदलून यायची आहे. लाल शाईचं पान तसंच ठेवून चालणार नाही.

परवा शाळेतून परस्पर बारामतीला बांधणीवाल्याकडे द्यायची.

गुरुवार, २३ जानेवारी

सकाळी रेश्मा शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, नंदिनीला बारामतीला नेलंय. काचेत ठेवलंय.”

शाळा सुटल्यावर दवाखान्यात गेले. तिची आई रतनताई अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसली होती. वडील औषधं आणायला गेले होते. डॉक्टर तरुण होता. तो रतनताईंना विचारत होता.

“तहान जास्त लागायची का?”

“लागायची थोडी.”

“कधीपासून?”

“झालं असतील चार-आठ दिस.”

“वजन कमी झालं?”

“दहावीला पोरी वाळत्यातच.”

त्याने मला, तुम्ही कोण, असं विचारलं. वर्गशिक्षिका म्हणाले. तो म्हणाला, साखर सहाशेच्या वर आहे, मशीन आकडाच दाखवत नाही. लहान वयातला मधुमेह आहे. रक्तात आम्ल झालं आहे, श्वासालाही त्याचा वास येतो. किती दिवसांपासून हे चालू आहे ते मला कळायला हवं.

मधुमेह म्हातारपणी होतो, एवढंच मला माहीत होतं. मी सांगायला सुरुवात केली. मग थांबले. वही पिशवीत होती.

त्याने उभ्या उभ्या वाचली. टँकरच्या अर्जापाशी त्याला किंचित हसू आलं. पुढे आलं नाही. दोन पानं गेल्यावर त्याने खिशातून पेन काढलं आणि वहीतल्या तारखा तिच्या केसपेपरवर उतरवायला लागला. दोन डिसेंबर. अकरा. वीस. सात जानेवारीपाशी थांबून त्याने विचारलं, “हा वास तुम्हाला स्वतःला आला होता?”

“हो.”

लाल शाईचं पान आलं. त्याने ते वाचलं. मग पुन्हा मागचं पान काढलं.

“नऊ तारखेला ‘टँकर बंद पडला’ असं लिहिलंय. खरंच पाणी बंद केलं होतं?”

“हो. शाळेत पाणी पीत नव्हती.”

“ही पट्टी कसली?”

“बाहेर जाण्यावर नियम होता.”

“कोणाचा?”

“माझा.”

रतनताई तेव्हा काचेपाशी जाऊन आत बघत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही. डॉक्टर हळू म्हणाला, “मूळ आजार नियमामुळे नाही. पण पाण्यावरच ती तग धरून होती.” हे त्याने केसपेपरवर लिहिलं नाही. मी बघत होते.

वही परत देताना म्हणाला, “इतका स्पष्ट इतिहास आम्हाला कोणी देत नाही. कोणी लिहिलं?”

“मुलांनी. गमती आहेत.”

शनिवार, २५ जानेवारी

साखर उतरते आहे. शुद्ध नाही. मेंदूला सूज आहे म्हणतात. रतनताई विचारतात, “साखर उतरली मग उठत का न्हाय?” माझ्याकडे बघून विचारतात, कारण मी शिकलेली आहे.

लाकडी पट्टी काल खिळ्यावरून काढली. कोणी काही विचारलं नाही.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. संचलनात राजनंदिनीची जागा रिकामी सोडली होती. मुलांनी आपण होऊन सोडली. मागून बघणाऱ्या हेडसरांना ती चूक वाटली. त्यांनी ओरडून रांग भरून घेतली.

दुपारी दवाखान्यात. तिचा हात हातात घेतला. नखं कापलेली, स्वच्छ. मी तिला नावाने हाक मारली. दोनदा. तिसऱ्यांदा मारली नाही.

बुधवार, २९ जानेवारी

राजनंदिनी पहाटे गेली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत मल्हार आला. सुतकातला असल्यासारखा दाराबाहेरच उभा राहिला.

“मॅडम, माझी पानं द्या.”

“कशाला?”

“फाडायचीत.”

“नाही देणार.”

“तुमीच म्हणला व्हता, पंचनाम्यासारखं लिव. लिवलं मी तसं.” मग म्हणाला, “मी मोजल्या व्हत्या बाटल्या. सात. मी मोजल्या मॅडम.”

मी त्याला सांगायला हवं होतं की तू पंधरा वर्षांचा आहेस आणि मोजणं हे तुझं काम होतं. समजणं माझं होतं. मी म्हणाले, “जा, तास सुरू होईल.”

दिवसभरात आणखी सात जण आले. सगळ्यांना पानं परत हवी आहेत. हेडसरांनाही हवी आहेत. ते म्हणाले, “तेरा काढून टाका. एकोणीस उरतात. बांधून स्पर्धेला पाठवू. पोरगी गेली त्याचं वाईट मलाही आहे, पण बाकीच्यांनी मेहनत केली आहे.” मी एकोणीस चाळून बघितल्या. कोणी चिखलात पडलं, कोणाचा पाय सरांच्या खुर्चीत अडकला. आता त्या वाचताना मी गंमत शोधत नाही. कोण का पडलं ते शोधते. खुर्चीत पाय अडकलेल्या मुलाला बोलावून घेतलं आणि डोळ्यांनी नीट दिसतं ना असं विचारलं. तो घाबरला.

वही कोणालाच दिली नाही. स्पर्धेला नाव दिलेलं मागे घेतलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

निरोप समारंभ झाला. गमतींचं वाचन नव्हतं. पाहुण्यांनी मुलांना सांगितलं, आयुष्यात खूप हसा. रेश्मा बोलायला उभी राहिली आणि शाळेचे आभार मानून खाली बसली. सगळं मिळून चाळीस मिनिटं. मुलं जेवली नाहीत. बुंदी तशीच उरली, ती पाचवीच्या वर्गाला वाटली.

माझ्याबद्दल कोणी बोलत नाही. शिक्षकांच्या खोलीत नाही, वर्गात नाही. तपासणी होईल असं वाटलं होतं. कोणीतरी येईल, पट्टीबद्दल विचारेल, मी लिहून देईन. कोणी आलं नाही. मी हेडसरांना सांगायला गेले. सर, नियम माझा होता. ते म्हणाले, “नियम सगळ्याच शाळांत असतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” आणि मला परीक्षेच्या बैठक व्यवस्थेचा तक्ता दिला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उद्या मराठीचा पेपर. वर्ग रिकामे केले, बाकांवर क्रमांक चिकटवले. चारच्या सुमाराला रतनताई आल्या. एकट्याच, वस्तीवरून चालत. एका महिन्यात त्यांचा चेहरा लहान झाला आहे.

“मॅडम, तिचं हॉलतिकीट आलं असंल ना?”

“आलंय.”

“मला द्याल का? त्यावर फोटो हाय तिचा. मोबाईलमदी हायत, पन कागदावर एक बी न्हाय.”

दिलं. वाटपाच्या यादीवर विद्यार्थ्याच्या सहीच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. हॉलतिकीट दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “रेश्मा म्हनली, एक वही हाय. तिच्या गमती हायत म्हनं त्यात. मला वाचून दावा. साळंत कशी वागायची, काय करायची, मला कायच ठावं न्हाय.”

नाही म्हणता आलं असतं. वही बांधायला गेली आहे असं म्हणता आलं असतं. मी कपाट उघडलं.

क्रमांक चिकटवलेल्या बाकावर त्या बसल्या, मुली बसतात तशा, हात मांडीत घेऊन. मी टँकरचा अर्ज वाचला.

“सही केली? तिनं बी?”

“हो.”

त्या हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. “अशीच व्हती ती,” म्हणाल्या. डबा वाचला. सहल वाचली. ड्रायव्हरचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. नखं वाचली. तिथं त्या हसल्या नाहीत, पण पुढं वाचा म्हणाल्या. रेश्माचं नऊ जानेवारीचं पान आलं. मी दोन पानं एकदम उलटली. लाल शाईचंही त्यातच गेलं. खो-खो वाचला.

वाचून झालं. बाहेर शिपाई पाण्याची टाकी धूत होता.

“म्हंजे समद्यांनी बघितलं व्हतं,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. हिशेब लागल्यासारखं.

“हो.”

“आमी बी बघितलं व्हतं. घरला आली की हंड्यालाच तोंड लावायची. तिचा बाप म्हनायचा, म्हशी परवडल्या.”

मी वही मिटली.

“पन एक कळत न्हाय मॅडम. शेवटी शेवटी बाटली भरल्याली घरी यायची. मी वरडायची तिला, साळंत पानी का पीत न्हाईस म्हनून. ती कायच बोलायची न्हाय. घरी एवढं पिनारी पोरगी, मग साळंत का पीत नसंल वो?”

त्या माझ्याकडे बघत होत्या. घाई नव्हती त्यांना.

मी म्हणाले, “माहीत नाही.”

त्यांनी मान हलवली. हॉलतिकीट पिशवीत ठेवलं. त्यांना माझं खरं वाटलं.